मावळचे पाणी, भिगवणचे पक्षी

देहूरोड दोन नद्यांच्या मधल्या पट्टीवर वसले आहे. उत्तरेला इंद्रायणी, दक्षिणेला पवना, आणि मध्ये घोरावडेश्वराचा डोंगर, लष्कराची कोठारे, लोहमार्ग व जुना मुंबई-पुणे रस्ता. इथे पडलेला पाऊस कोणत्याही उताराने गेला तरी शेवटी एकाच खोऱ्यात पोचतो. इंद्रायणी देहू-आळंदी करत तुळापूरला भीमेला मिळते. पवना रावेत, चिंचवड, पिंपरी ओलांडून दापोडीजवळ मुळेत जाते, मुळा पुण्यात मुठेला भेटते आणि मुळा-मुठा रांजणगाव सांडसपाशी भीमेत रिकामी होते. पुढे दौंड, मग भिगवण, मग उजनी. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो, इंदापूर तालुक्यात पाचशेच्या आसपास. पक्षी पाहायला मात्र लोक जातात ते इंदापूरकडे, कमी पावसाच्या टोकाला. पुणे जिल्ह्यातल्या पक्षिनिरीक्षणाचा इतिहास या विसंगतीपासून सुरू करणे सोयीचे आहे.

दख्खनच्या पठारावर नैसर्गिक सरोवरे जवळजवळ नाहीत. काळ्या पाषाणाच्या थरांवरून नद्या खोल पात्रे कोरत जातात. पाणी साठून राहावे असे सपाट खळगे त्यांनी ठेवलेले नाहीत. लोणार हा अपवाद, आणि तोही उल्कापाताने झालेला. महाराष्ट्राच्या घाटमाथ्यापलीकडे आज ज्याला पाणथळ म्हणतात ते बहुतेक सगळे माणसाने अडवलेले पाणी आहे: कुठे दुष्काळी कामावर बांधलेला तलाव, कुठे कालव्यासाठी घातलेला बंधारा, कुठे वीजनिर्मितीचे धरण. यातले एकही पक्ष्यांसाठी बांधलेले नाही. पक्षी आले ते पाण्याच्या मागून, आणि पक्षी पाहणारे आले ते पक्ष्यांच्या मागून, बरेच उशिरा.

धरणांच्या आधी मावळात पाणपक्षी नव्हते असे नाही. पावसाळ्याचे चार महिने हा सगळा प्रदेशच पाणथळ होतो. भाताची खाचरे बांधाबांधाने भरतात, चिखलणी सुरू झाली की औतामागे गायबगळे चालू लागतात, बांधावर ढोकरी मान आखडून बसते, टिटवी रात्री-बेरात्री ओरडते. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेल्या ‘इंद्रायणी’ या भाताच्या वाणाने तालुक्याचे नाव राज्यभर नेले, पण भातखाचराचे हे तात्पुरते तळे त्याच्या कितीतरी आधीपासून, आंबेमोहराच्या काळापासून, भरत आणि आटत आले आहे. कापणी होते, खाचर सुकते आणि हिवाळी बदके यायच्या सुमाराला तिथे भुई तडकलेली असते. उन्हाळ्यात नदीत उरत ते डोह. देहू-आळंदीसारख्या क्षेत्री डोहातले मासे मारायचे नाहीत हा रिवाज जुना. यात्रेकरू त्यांना चुरमुरे टाकत. अभयारण्य हा शब्द सरकारी कागदावर येण्याच्या पुष्कळ आधी अभयाची अशी छोटी ठाणी नदीकाठी होती. त्यांचा हेतू धार्मिक होता आणि हद्द डोहापुरती. शे-दोनशे पावलांवर जाळे टाकायला कोणाची हरकत नसे. पक्ष्यांची खरी माहिती त्या काळात होती ती फासेपारध्यांकडे. तितर, लावे कुठल्या रानात, कुठल्या वेळी, कुठल्या वाटेने उतरतात हे ज्यांच्या पोटाशी बांधलेले होते त्यांनी ते कधी लिहिले नाही, आणि ज्यांनी पुढे लिहिले त्यांनी अशा माहीतगारांची नावे क्वचितच दिली.

लिहिण्याची सुरुवात विल्यम हेन्री साइक्स या मुंबई लष्करातल्या अधिकाऱ्याने केली. पेशवाई बुडून सहा वर्षे झाली होती. नव्या मुलखात काय पिकते, कोण राहते, सारा किती यावा याचा हिशोब कंपनी सरकारला हवा होता. गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी १८२४ साली साइक्स यांना ‘स्टॅटिस्टिकल रिपोर्टर’ नेमले. पुढची काही वर्षे ते पुण्याच्या बाजूने तळ हलवत फिरले. जमीन, पाऊस, लोकसंख्या, पिके यांच्या नोंदी करता करता प्राणी, मासे आणि पक्षीही टिपत गेले. दख्खनच्या पक्ष्यांची त्यांची यादी १८३२ साली लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या इतिवृत्तात छापली गेली. अनेक पक्ष्यांना शास्त्रीय नाव पहिल्यांदा मिळाले ते तिथे. त्यात एक पक्षी असा आहे की जो मावळातल्या कुठल्याही पोराने ओळखावा: बांधावरची ती ढोकरी. बसलेली असताना मातकट, उडाली की एकदम पांढरी. शास्त्रात तिचे नाव ‘आर्डिओला ग्रेआय’, पुढे ‘साइक्स, १८३२’. लंडनचे प्राणिशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड ग्रे यांच्या नावावरून ते ठेवलेले आहे. उपखंडातला बहुधा सर्वांत सवयीचा पाणपक्षी, आणि त्याची शास्त्रीय ओळख दख्खनच्या नमुन्यावरून झाली.

साइक्स यांची पद्धत त्या काळाची होती. पक्षी बंदुकीने पाडायचा, मोजायचा, कातडे सोलून भरायचे, आणि पोट फाडून आत काय आहे ते पाहायचे. पक्षी काय खातो हे दुरून बघून ठरवण्याजोग्या दुर्बिणी तेव्हा नव्हत्या. हा गृहस्थ पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा अध्यक्ष आणि पार्लमेंटचा सभासद झाला, लंडनची सांख्यिकी संस्था स्थापन करणाऱ्यांत होता. पण त्याचे आकडे आज फारसे कोणी चाळत नाही, नाव टिकले ते पक्ष्यांच्या यादीमुळे.

त्यानंतर बराच काळ शांतता. १८५८ साली रेल्वे खंडाळ्याहून पुण्याला आणि त्याच वर्षी पुण्याहून भीमाकाठच्या डिकसळपर्यंत पोचली. १८६३ साली बोरघाट जोडला गेला. रेल्वेने पक्षिशास्त्राचा नकाशाही बदलला. जिथे स्टेशन आणि डाकबंगला, तिथे नमुने गोळा करणारा साहेब. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनचे सॅम्युएल फेअरबँक यांनी खंडाळा, महाबळेश्वर, बेळगाव आणि नगरच्या आसपास जमवलेल्या पक्ष्यांची यादी १८७६ साली प्रसिद्ध केली. मावळच्या घाटमाथ्याची ही सुरुवातीच्या पक्षियाद्यांपैकी एक. दोन वर्षांनी डेव्हिडसन आणि वेन्डन यांनी दख्खनच्या पक्ष्यांवर सविस्तर लेख लिहिला. दोन्ही छापले गेले ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात. त्याचे संपादक ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम पुण्याला दुसऱ्याच कारणाने आठवतात: १८८५ साली त्यांच्या पुढाकाराने भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन ठरले होते पुण्यात, पटकीच्या साथीमुळे ते मुंबईला हलवावे लागले. त्याच वर्षी त्यांनी पक्ष्यांचा आपला प्रचंड संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला आणि पक्षिशास्त्रातून जवळजवळ अंग काढून घेतले.

ह्यूम यांनी मार्शल यांच्यासह शिकारीच्या पक्ष्यांवर तीन खंडांचा ग्रंथ काढला, १८७९ ते १८८१ या काळात. बदके आणि पाणलावे यांच्याविषयी त्या शतकात जी बारीक माहिती जमली तिच्यामागे असे शिकारी होते. पुणे आणि खडकीच्या छावण्यांतल्या अधिकाऱ्यांना हिवाळा म्हणजे शिकारीचा मोसम. १८८७ साली सरकारने जंगली पक्ष्यांच्या संरक्षणाचा पहिला कायदा केला. त्याची व्याप्ती मजेशीर होती: नगरपालिका आणि छावण्यांच्या हद्दीत, विणीच्या काळात, नुकताच मारलेला पक्षी विकायला किंवा जवळ बाळगायला बंदी. रानात काय चालते याच्याशी कायद्याला फारसे देणेघेणे नव्हते. लक्ष होते ते बाजारावर. मोसमात मारायला तर मुभाच होती. ही वृत्ती किती काळ टिकली ते पाहायचे तर भरतपूरकडे बघावे. तिथे १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या पाहुणचारात एका दिवसात ४,२७३ पक्षी पाडले गेले. भरतपूरचे तळेही संस्थानिकांनी बांध घालून केलेले, आणि आज ते राष्ट्रीय उद्यान आहे.

दख्खनमध्ये असे मोठे तळे त्या काळी नव्हते, पण त्याची बीजे पडत होती, आणि ती पेरणारे होते पाटबंधारे खात्याचे इंजिनिअर. कर्नल फाइफ यांच्या आराखड्यावरून खडकवासल्याचे धरण १८७९ च्या सुमारास उभे राहिले. पुण्याच्या दोन्ही छावण्यांना पाणी आणि मुठेच्या कालव्यांना पोषण हा त्याचा उद्देश. १८७६ ते ७८ चा दुष्काळ पडला तेव्हा उपाशी माणसांना काम द्यायला सरकारने माती उपसण्याची कामे काढली. यवतजवळचा माटोबा, बारामतीकडचा शिर्सुफळ हे तलाव त्या काळातले. भादलवाडीचा तलावही ब्रिटिश अमदानीतलाच. उथळ, पसरट, मातीच्या बांधाचे हे तलाव शेतीच्या दृष्टीने फार यशस्वी ठरले असे म्हणता येत नाही. भरवशाचा पाऊस नाही, वर गाळ. पण उथळ पाणी, गाळ आणि पाण्यात उभ्या बाभळी हे तिन्ही एकत्र आले की पाणपक्ष्यांची सोय होते. भादलवाडीच्या बाभळींवर आज चित्रबलाकांची वीण होते. एका झाडावर काड्यांची कैक घरटी, खालच्या फांद्या विष्ठेने पांढऱ्या, आणि दुपारी उन्हाने पिल्ले तापू नयेत म्हणून पंख अर्धवट पसरून उभे असलेले मोठे पक्षी. या पक्ष्यांना माणसाचे वावडे नाही. इंदापूरच्या तहसील कचेरीच्या आवारातल्या चिंचांवरही त्यांची वसाहत असते. खाली स्टॅम्पपेपर, अर्ज, सातबारा, वर चोचींचा खडखडाट.

मावळात पाणी अडवले गेले ते वेगळ्या कारणाने. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. टाटांनी १९१० साली जलविद्युत कंपनी काढली, पुढल्या वर्षी लोणावळ्यात पायाभरणी झाली आणि १९१५ साली खोपोलीचे वीजघर सुरू झाले. लोणावळा, वळवण, शिरोता हे तलाव या योजनेचे. आंध्रा नदीवरचे ठोकरवाडी धरण नंतरचे. त्याची वीज १९२२ पासून भिवपुरीहून निघू लागली. तिसरे मुळशीचे. त्याविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी १९२१ पासून केलेला सत्याग्रह प्रसिद्ध आहे. या योजनांमागची युक्ती अशी की भीमेच्या खोऱ्यात, म्हणजे पूर्वेला वाहणारे पाणी घाटाच्या कड्यावरून पश्चिमेला सोडायचे. सुमारे पाचशे मीटर कोसळणाऱ्या पाण्यावर जनित्रे फिरतात आणि पाणी कोकणात जाते. हे पाणी भीमा खोऱ्याला परत मिळावे ही मागणी आजही होत असते.

इतके तलाव असून मावळ पक्षिनिरीक्षकांची पंढरी का झाले नाही, याचे उत्तर काठाच्या उतारात आहे. वळवण काय, ठोकरवाडी काय, किंवा १९७० च्या दशकात पुरे झालेले पवना धरण काय, हे डोंगरांच्या कुशीतले जलाशय. काठ उभा, पाणी खोल. पवनेच्या फुगवट्याकाठी उभे राहिले तर समोर तुंग, तिकोना, मागे लोहगड असा देखावा मिळतो, पण पाणपक्ष्यांना देखाव्याचा उपयोग नाही. तुतवारासारख्या चिखलपायी पक्ष्याचे पाय बोटभर पाण्यात चालायचे असतात. शेकाट्या जरा लांब पायांचा, त्याला वीतभर चालते. पाण्यावर तरंगणारी आणि डोके खाली घालून चरणारी बदके हातभर खोलीपर्यंतच पोचतात. खोल पाण्यात उतरतात ते बुडी मारणारे: पाणकावळे, टिबुकल्या, काही बदके. पाणी फूटभर उतरल्यावर उभ्या काठावर दोन पावले चिखल उघडा पडतो, सपाट काठावर अर्धा मैल. म्हणून मावळच्या धरणांवर पक्षी दिसतात, पण थवे मुक्कामाला राहतात ते खाली.

दरम्यान पक्षी पाहण्याची रीत बदलत होती. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सुरुवातीच्या सभासदांत बंदुकवाले बरेच होते. १९४१ साली सालिम अलींचे ‘बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ आले. पक्षी हातात न घेता, फांदीवर बसलेला असतानाच ओळखायला शिकवणारे ते पुस्तक. मुंबई राज्याने १९५१ साली वन्य पशुपक्ष्यांचा कायदा केला, १९६८ साली कर्नाळा अभयारण्य झाले आणि १९७२ च्या केंद्रीय कायद्याने हौसेच्या शिकारीला चाप बसला. मराठी वाचकापर्यंत पक्षी नेण्याचे काम केले ते वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांनी. कर्नाळ्यापासून नवेगावबांधापर्यंतच्या नोकरीत आदिवासींकडून, ढिवरांकडून ऐकलेली नावे त्यांनी लिखाणात आणली, कोशात घातली. पारध्यांच्या बाबतीत साहेबांनी जे केले नाही ते इथे थोडेफार झाले.

पक्षी पाहणाऱ्या मंडळींचे एकत्र येणे मात्र मावळातच सुरू झाले. महाराष्ट्रातल्या पक्षिमित्रांचे पहिले संमेलन १९८१ साली लोणावळ्याला भरले. तोवर पक्षी पाहणारा माणूस आपापल्या गावी एकटा असे. गळ्यात दुर्बीण घालून शेताच्या बांधावर उभा राहिला की लोक त्याला मोजणीवाला समजत. पुढल्याच वर्षी पुण्यात प्रकाश गोळे यांनी इकॉलॉजिकल सोसायटी स्थापन केली. एका जातीपेक्षा अख्ख्या अधिवासाचा, त्यातही पाणथळींचा विचार करण्याची सवय पुण्याला लावण्यात या संस्थेचा वाटा मोठा. पहिले संमेलन लोणावळ्याला झाले, तरी भटकंतीला पक्षिनिरीक्षक पुढे भिगवणकडे वळले. कारण त्याच सुमाराला खाली भीमेवर एक प्रचंड तळे भरत होते.

उजनी धरणाचे काम १९६० च्या दशकात सुरू झाले आणि १९८० साली संपले. जागा सोलापूर जिल्ह्यात, पण पाण्याचा फुगवटा पुणे जिल्ह्यात भिगवणपर्यंत. जलाशयाला यशवंतसागर नाव दिले. एकूण साठा ११७ टीएमसी. पवनेचा साठा साडेआठच्या घरात आहे, त्यावरून प्रमाण कळावे. उजनीतले निम्म्याहून अधिक पाणी मृतसाठ्यात मोडते; उन्हाळ्यात धरण ‘उणे’ गेले म्हणजे तळ गाठला असे नसते, तर कालव्याच्या दारांखाली पाणी गेलेले असते. भीमेचे खोरे इथे सपाट आहे. धरण भरते तेव्हा पाणी शेतांवर मैलोन्मैल पसरते, आणि जानेवारीपासून उसाला आवर्तने सुटू लागली की तेवढेच मागे सरते. उघड्या पडलेल्या ओलसर जमिनीत लोक गाळपेर करतात. त्याच्याही पुढे, जिथे पेरता येत नाही अशा चिखलात, गोगलगायी, किडे, अळ्या, शेवाळ यांची मेजवानी मांडलेली असते.

बुडालेली गावे या इतिहासाचा भाग आहेत. जुने पळसदेव पाण्याखाली गेले. त्याचे पळसनाथाचे मंदिर कडक उन्हाळ्यात वर येते आणि तेवढ्यापुरती तिथे जत्रेसारखी गर्दी होते. डिकसळला रेल्वेचा जुना दगडी पूल फुगवट्यात सापडला, रेल्वे दुसरीकडून गेली, पूल रस्त्याच्या वाहतुकीला राहिला आणि पक्षिनिरीक्षकांना आयता सज्जा मिळाला. जमीन गेलेल्यांपैकी अनेकांनी मासेमारी धरली. मासा मुख्यतः चिलापी, हाही बाहेरून आलेला. भिगवणचा मासळीबाजार त्यावर उभा राहिला. जाळी लावायला पहाटे निघणाऱ्या याच लोकांनी रोहित पक्षी पहिल्यांदा रोज पाहिले. शहरातून आलेल्या कॅमेरेवाल्यांनी नंतर.

उजनीवर हिवाळ्यात येणाऱ्यांची यादी लांबलचक आहे, आणि प्रत्येकाची वाट वेगळी. पट्टकादंब तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतो. संस्कृत कवींनी विरहाला जुंपलेला चक्रवाकही लडाख-तिबेटचा रहिवासी, इथे तो विरहात नसतो, जोडीने गव्हाच्या ताटांशेजारी चरतो. थापट्या बदके, तुतवार, धोबी, पाणटिवळे उत्तरेकडून. कच्छच्या रणात वीण करणारे थोर रोहित गुजरातकडून. स्थानिकांत शराटी, चमचे, मुग्धबलाक, हळदीकुंकू बदके, नदीसुरय आणि पाण्यावर काळ्या ठिपक्यांसारखे पसरलेले वारकरी.

गर्दी होते ती रोहितांसाठी. त्यांचे खाणे जवळून पाहण्यासारखे असते. पक्षी लांब मान खाली सोडतो आणि डोके उलटे करतो, म्हणजे चोचीची वरची बाजू तळाला लागते. मग एकाच जागी पाय मारत स्वतःभोवती सावकाश फिरतो. त्याने चिखल ढवळला जातो. जाड मांसल जीभ दट्ट्यासारखी पुढेमागे होते, पाणी आत ओढते आणि चोचीच्या काठांवरच्या बारीक दातऱ्यांतून बाहेर ढकलते. मागे राहतात शेवाळाचे कण आणि बारीक कवचधारी जीव. पिसांचा गुलाबी रंग याच अन्नातून येतो. असे चरायला पाणी गुडघ्याएवढे हवे, त्यामुळे पाऊस चांगला झालेल्या वर्षी धरण उशिरापर्यंत भरलेले राहिले की रोहित उशिरा येतात किंवा दुसऱ्या उथळ जागा धरतात. पाऊस भरपूर पडला म्हणजे पक्षीही भरपूर, ही समजूत इथे लागू पडत नाही.

कुंभारगावसारख्या काठच्या गावांत यातून एक नवा धंदा उभा राहिला. मच्छीमार हिवाळ्यात नावाडी-वाटाडे झाले, काही घरांनी मुक्कामाच्या खोल्या काढल्या, न्याहारीला पिठले-भाकरी, दुपारी चिलापीचे कालवण. देहूरोडहून निघणारा माणूस कात्रज-देहूरोड बाह्यवळणाने सोलापूर रस्त्याला लागतो. उजाडताना पाण्यावर असायचे तर आदल्या रात्री गाव गाठावे लागते. होडी थव्याच्या दिशेने सरळ न नेता तिरकी न्यावी, ठरावीक अंतरावर इंजिन बंद करावे, पक्ष्यांनी माना वर केल्या की थांबावे, हे अनुभवी नावाड्याला सांगावे लागत नाही. उडत्या थव्याचा फोटो हवा म्हणून पक्षी उठवायला सांगणारा पाहुणाही असतो. थवा उठतो, चरणे मोडते, आणि तो पुन्हा बसायला बराच वेळ लागतो. जाणते नावाडी याला सरळ नकार देतात. सगळेच देतात असे नाही.

लोकांच्या तोंडी भिगवणचे ‘पक्षी अभयारण्य’ झाले असले तरी उजनीला तसा कायदेशीर दर्जा मिळालेला नाही. दर्जा मिळाला तो नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वरला. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कालव्यांसाठी घातलेला हा बंधारा. नद्यांनी आणलेल्या गाळाने तो भरत गेला, पाण्यात बेटे झाली, वनस्पती माजली. इंजिनिअरच्या हिशोबात तोटा आणि पक्ष्यांच्या हिशोबात नफा. १९८६ साली ते अभयारण्य झाले आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ. पाणथळींविषयीचा रामसर करार १९७१ चा, भारत त्यात १९८२ साली सामील झाला; राज्यातले पहिले नाव यादीत जायला त्यानंतर अडतीस वर्षे लागली. त्याच वर्षी लोणार आणि २०२२ साली ठाण्याची खाडी त्यात आली. उजनीचे नाव पक्ष्यांसाठी महत्त्वाच्या स्थळांच्या यादीत आहे, पण ती यादी अभ्यासकांची, सरकारची नव्हे.

पुण्याजवळच्या जागांची कथा आणखी सैल आहे. येरवड्याला मुळा-मुठेकाठचा झाडीचा तुकडा डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य म्हणून ओळखला जातो. ही ओळख पक्षिप्रेमींनी दिलेली. पाषाणचा ब्रिटिशकालीन तलाव रामनदीवरचा. लोणी काळभोरजवळच्या कवडीपाटला जुन्या बंधाऱ्यावरून पाणी पसरते आणि हिवाळ्यात चक्रवाक, तुतवार, शेकाटे मोटारीच्या खिडकीतून दिसतात. तिथे पहिल्यांदा जाणाऱ्याला धक्का बसतो तो वासाचा. पाण्यावर फेस, झुडपांना अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, आणि त्यातच थवे. पिंपरी-चिंचवड पवनेचे पाणी रावेतच्या बंधाऱ्यावरून उचलते, आणि तिथून खाली नदीत येते त्यात सांडपाण्याचा वाटा मोठा. देहू-आळंदीच्या इंद्रायणीवरही फेस दिसू लागला आहे. सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ आणि अळ्या पोसतात, त्यावर पक्षी. काही काळ हे चालते. मग प्राणवायू संपतो, मासे मरतात, जलपर्णी पात्र झाकून टाकते. जलपर्णीवर जांभळ्या पाणकोंबड्या आणि कमळपक्षी आरामात चालतात, पण बदकांना उतरायला उघडे पाणी उरत नाही. घाण पाण्यावर पक्षी दिसतात म्हणजे पाणी ठीक आहे असे समजणे चूक. कोणत्या जाती वाढल्या आणि कोणत्या गेल्या हे पाहावे लागते. आणि हे सगळे पाणी शेवटी उजनीत जाते. काठावर झाडे लावून, घाट बांधून नदी सजवण्याच्या योजना अलीकडे पुणे आणि पिंपरी-चिंचवड दोन्हीकडे निघाल्या आहेत. चिखल आणि उथळ काठ हीच तुतवाराची जागा असल्याने पक्षिनिरीक्षकांचा त्यांना विरोध आहे.

कायद्याची अडचण पुन्हा बांधलेल्या पाण्याकडे घेऊन जाते. पाणथळ संवर्धनाचे नियम केंद्राने २०१७ साली नव्याने केले. त्यांत पाणथळीच्या व्याख्येतून जे साठे वगळले त्यांत पिण्यासाठी आणि सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय येतात. नैसर्गिक तळी असलेल्या प्रदेशात याने फारसे बिघडत नाही. दख्खनमध्ये मात्र बांधलेल्या पाण्याखेरीज दुसरे साठलेले पाणी जवळजवळ नाही, त्यामुळे उजनी, शिर्सुफळ, भादलवाडी, पवना या सगळ्यांना या नियमांचा आधार मिळत नाही. पाटबंधारे खात्याच्या दृष्टीने ते साठे आहेत, मत्स्यव्यवसायाच्या दृष्टीने तलाव, आणि पक्ष्यांच्या बाजूने बोलायला हातात उरते ती नोंद.

नोंदीची परंपरा आता साइक्स यांच्यापेक्षा पुष्कळ रुंद आहे. १९८७ पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. ठरलेल्या तळ्यावर ठरलेल्या पंधरवड्यात जाऊन स्वयंसेवक जातीवार मोजणी करतात. मोबाइलवर भरलेल्या याद्या थेट जागतिक नोंदवहीत जातात. चितमपल्लींचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबर, या दोहोंमधला आठवडा राज्य सरकारने २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून धरला आहे. शाळांच्या सहली त्या आठवड्यात निघतात तेव्हा उजनी बहुधा काठोकाठ असते आणि रोहित आलेले नसतात. मुलांना दिसतात त्या ढोकऱ्या, टिटव्या, खंड्या आणि वारकरी. गणनेचे काम जानेवारीत असते हे इथे सोयीचे पडते: तोवर स्थलांतर करून आलेले पक्षी स्थिरावलेले असतात, परतीची घाई सुरू झालेली नसते, आणि पाणी उतरू लागून चिखल मोजणाऱ्याच्या दुर्बिणीच्या टप्प्यात येऊ लागलेला असतो.